रिसप्लायच्या दिवशी गावात इतका वेळ का जातो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुम्ही पहिल्यांदाच लांब पल्ल्याची ट्रेल चालताय. एरवी दिवसाला पंचवीस किलोमीटर आरामात होतात. दर पाचव्या दिवशी वाटेवरच्या गावात शिधा भरायला उतरता, तो रिसप्लायचा दिवस मात्र जेमतेम दहा किलोमीटरवर संपतो. गावातून निघताना सॅक इतकी जड होते की पहिला चढ जीव काढतो. गंमत म्हणजे पुढच्या गावात पोचता तेव्हा किलो-दीड किलो खाणं शिल्लकच असतं. म्हणून तुम्ही विचारताय की एक गाव आड उतरावं का, दहा दिवसांचं एकदम उचलून?

आधी दहा दिवसांचा हिशेब करू, कारण तो सोपा आहे. चार दिवस पंचवीस आणि एक दिवस दहा, म्हणजे पाच दिवसांत एकशेदहा किलोमीटर. सरासरी बावीस. एक गाव गाळलंत तर दहा दिवसांत दोनशे पस्तीस होतील, सरासरी साडेतेवीस. फायदा रोजचा दीड किलोमीटर. त्याबदल्यात, माणशी रोज ७५० ग्रॅम खाणं धरलं, तर गावातून निघताना पावणेचार किलो जास्त पाठीवर. एवढं ओझं घेऊन पहिले तीन-चार दिवस पंचवीस होतील याची खात्री मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. तो दीड किलोमीटर तिथेच खर्ची पडतो. शिवाय दहा दिवस फोन, पॉवर बँक आणि पायमोजे तग धरणार का, हा वेगळा प्रश्न. तेव्हा गाव गाळू नका. गाव गाळावं लागतं ते जिथे गावच नसतं तिथे.

आणि इथे पहिली कबुली द्यायला हवी, की बरंचसं ट्रेलवर अवलंबून आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडची अपालाचियन ट्रेल हॉट स्प्रिंग्स किंवा डमॅस्कससारख्या गावांच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते. तिथे शिधा भरणं म्हणजे वाटेत थांबणं. पश्चिमेकडच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर सिएरा नेवाडा डोंगररांगेत इंडिपेन्डन्स गावाला उतरायचं तर आधी कियरसार्ज खिंड ओलांडून बारा-एक किलोमीटर चालायचं, मग पार्किंगपासून गावापर्यंत गाडी मिळवायची, आणि परत येताना तेच सगळं उलट, भरलेल्या सॅकनिशी चढत. तिथे ‘अर्ध्या दिवसात आटपतो’ म्हणणारा स्वतःची फसवणूक करतो. अपालाचियन ट्रेलवर मेन राज्यातल्या मॉन्सन गावानंतरचा शंभर मैलांचा टापू किंवा न्यूझीलंडच्या ते अरारोआ ट्रेलवरची रिचमंड रेंज, इथे बहुधा जास्त दिवसांचं उचलावंच लागतं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तुमची गावं वाटेपासून फार दूर नाहीत, एक-दोन तासांत पोचता येतं. पुढचं सगळं ते धरूनच लिहितेय.

माझ्या मते तुमची खरी अडचण अशी आहे: गावातली कामं फारशी वेळ खात नाहीत, त्यांच्या मधल्या फटी खातात. अकराला पोचलात, बाकावर टेकलात, फोन हातात घेतला, जेवलात, मग आठवलं की चार्जर लावलाच नाही. लावला. आता तो भरेपर्यंत थांबायचं, मग कपडे धुऊन घेऊ, मग खरेदी, मग पुन्हा भूक. एकातून एक. चारला सॅक उचलता तेव्हा मनातून तुम्ही आधीच मुक्कामी असता. याला उपाय एकच: जे काम सगळ्यात जास्त वेळ घेतं ते सगळ्यात आधी सुरू करायचं, आणि बाकीची त्याच्या पोटात बसवायची.

सगळ्यात संथ काम म्हणजे पॉवर बँक. दहा हजार एमएएचची बँक जुन्या पाच व्होल्ट, दोन अँपिअरच्या चार्जरवर पूर्ण भरायला सहाएक तास घेते. अठरा वॅटचा फास्ट चार्जर असेल, आणि बँकेलाही तो चालत असेल, तर साडेतीन-चार तास. चारशे किलोमीटरची ट्रेल असो वा चार हजारांची, माझ्या सॅकमध्ये दोन पोर्टचा फास्ट चार्जर असतोच, त्याच्या वजनाबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. गावात शिरल्यावर पाणी प्यायच्याही आधी प्लग शोधायचा, परवानगी विचारायची, एका पोर्टला बँक आणि दुसऱ्याला फोन. फोन विमान मोडवर टाका, लवकर भरतो. त्या वेळात फोन हातात नसतो हा आणखी एक फायदा, कारण गावातला अर्धा वेळ तिथेच जातो. निघताना बँकेचे चारातले तीन दिवे लागलेले असले तरी निघा. चौथ्या दिव्यासाठी थांबण्यात तास मोडतो आणि ट्रेलवर त्यानं फारसं काही अडत नाही.

चार्जिंग लागलं की दुसरं कपड्यांचं. मशीन मिळालं तर धुणं आणि वाळवणं धरून दीड तास. नाही मिळालं तर निदान मोजे आणि आतले कपडे साबणाने धुवा आणि ओले सॅकला बाहेरून टांगा. मोज्यांबाबत आळस नको. चार-पाच दिवस घामात राहिलेला मोजा हातात घेऊन टाचेपाशी वाकवून बघा. मीठ बसून तिथे पुठ्ठ्यासारखा कडक झालेला असतो आणि विणीत बारीक वाळू अडकलेली. फोड तिथेच उठतात, चालणं कितीही सावध असलं तरी. बुटातले तळवे काढून झटका, खालून पुसा, तोवर पाय मोकळे हवेत राहू द्या. बुटाच्या तळाशी फोम दबून गेलाय का तेही त्याच वेळी बघा. हलके ट्रेल रनर बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये मवाळतात, तेव्हा पुढची जोडी कुठे मिळणार हे एक गाव आधीच ठरलेलं बरं.

मग जेवण, आणि जेवणानंतरच खरेदी. हा क्रम मी कधी मोडत नाही. भुकेल्या माणसाला दुकानातली प्रत्येक वस्तू पुढच्या चार दिवसांसाठी अत्यावश्यक वाटते. तुमचं शिल्लक राहणारं दीड किलो थोडं इथून येतं. दुसरं कारण पचनाचं. पोचल्या पोचल्या जेवलात तर चढ सुरू करेपर्यंत दोन-तीन तास मिळतात. निघायच्या आधी तुडुंब जेवून सॅक उचललीत तर पहिला चढ जेवणच परत मागतो. आणि जेवायच्या आधी हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवा. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही. लांब ट्रेलवर उलट्या-जुलाबांची साथ पसरते ती बऱ्याचदा अशाच जागी, जिथे सगळे थकलेले, एकाच पाकिटात हात घालणारे आणि एकच नळ वापरणारे जमतात. दुसऱ्याच्या पाकिटातलं खाणं घ्यायचं तर ते तळहातावर ओतून घ्यावं, हात आत घालू नये.

आता शिध्याचं गणित, कारण तुमच्या जड सॅकचं मूळ इथे आहे. तुम्ही दिवस मोजताय. जेवणं मोजा. समजा सोमवारी दुपारी तीनला निघालात आणि शुक्रवारी सकाळी दहाला पुढच्या गावात पोचणार. बोटांवर मोजलं तर सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, म्हणून पाच नाश्ते, पाच दुपारी, पाच रात्री उचलता. प्रत्यक्षात रात्रीची जेवणं चार: सोम, मंगळ, बुध, गुरू. नाश्ते चार: मंगळ ते शुक्र. दिवसभराचं खाणं तीन पूर्ण दिवसांचं, वर सोमवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी तोंडात टाकायला मूठ-मूठ. एक रात्र, एक नाश्ता आणि जवळजवळ दोन दिवसांचं चघळणं जास्त होतं, म्हणजे किलोभर. तेच तुम्ही दर वेळी गावापर्यंत फिरवून आणताय. यावर मी एकच जेवण राखीव ठेवते, आणि तेही असं की न शिजवता खाता येईल. पाऊस, वाट चुकणं, ओढा फुगल्यामुळे अडकणं, यासाठी एवढं पुरतं, जर टापू निर्जन नसेल तर. निर्जन असेल, किंवा बर्फ असेल, तर पूर्ण एक दिवसाचं राखीव घ्या आणि जड सॅकबद्दल तक्रार करू नका.

वजन कमी करायची दुसरी जागा म्हणजे खाण्याची घनता. स्निग्ध पदार्थांत ग्रॅमला नऊ किलोकॅलरी, पिष्टमय आणि प्रथिनांत चार. यावरून सगळं निघतं. सुकामेवा आणि दाणे ग्रॅमला सहाच्या आसपास, चॉकलेट पाचच्या वर, कोरडे ओट्स चारच्या थोडं खाली, पाव अडीचच्या जवळ, ताजं सफरचंद अर्धा. सफरचंद गावात खा. सॅकमधल्या शिध्याची सरासरी ग्रॅमला साडेचार आली तर ७५० ग्रॅममध्ये तीन हजार तीनशे-चारशे किलोकॅलरी मिळतात. दिवसभर चढ-उतार चालणाऱ्या बऱ्याच जणांचा खर्च याहून जास्त असतो, पण तूट गावातल्या दोन जेवणांत बरीच भरते, म्हणून सगळं पाठीवर वाहायचा अट्टहास नको. एक युक्ती माझ्या कायम उपयोगी पडते: छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत तेल. रात्रीच्या भातात किंवा नूडल्समध्ये दोन मोठे चमचे तेल घातलं की अडीचशेच्या आसपास किलोकॅलरी वाढतात, वजन तीस ग्रॅमच्याही आत. मात्र हे गणित पहिल्या दोन आठवड्यांना लागू करू नका. सुरुवातीला थकव्यानं भूक मेलेली असते, नंतर ती अचानक उसळते. तुमचं उरणारं खाणं कदाचित थोडं यामुळेही असेल, आणि तसं असेल तर पुढच्या काही थांब्यांत ते आपोआप संपायला लागेल.

खरेदी झाली की पाकिटं दुकानाबाहेरच्या पायऱ्यांवरच फोडायची. हे काम कुणी मनापासून करत नाही आणि म्हणूनच सॅक जड राहते. खोके आणि बाहेरची वेष्टनं तिथल्याच कचरापेटीत. एक रात्रीचं जेवण एका झिपच्या पिशवीत, मसाल्याची पुडी आतच, वरून मार्करने वार लिहायचा. दिवसभराचं खाणं दर दिवसाचं वेगळं. पिशवीवर हात फिरवून, जवळजवळ तिच्यावर बसून, हवा काढायची. मग शेवटच्या दिवसाची पिशवी सगळ्यात खाली आणि आज संध्याकाळची सगळ्यात वर. ‘गुरुवार’ असं लिहिलेली पिशवी बुधवारी उघडायला हात जातो तेव्हा आपण कुठे आहोत हे कळतं. हिशेब चुकला असेल तर तो दोन दिवस आधी दिसतो, शेवटच्या सकाळी नाही. अस्वलांच्या मुलखात घट्ट झाकणाचा डबा सक्तीचा असेल, सिएराच्या काही भागात तो असतोच, तर सगळं त्यात मावतंय का हे पायऱ्यांवरच बघा. पहिल्या रात्रीचं जेवण डब्याबाहेर राहिलं तरी चालतं, कारण ते मुक्कामी पोचताच संपणार असतं, पण साबण, टूथपेस्ट, लिप बाम हे वासाचं सामान रात्री आतच गेलं पाहिजे.

गॅसचं थोडक्यात. अर्धा लिटर पाणी उकळायला वारा नसताना साधारण सात-आठ ग्रॅम लागतात. दिवसाला एक लिटर उकळत असाल तर शंभर ग्रॅमचा डबा सहा-सात दिवस. डब्यात किती उरलाय हे हलवून कळत नाही. बाजारात वजनकाटा दिसला तर त्यावर ठेवा, रिकाम्या डब्याचं वजन आधी माहीत असेल तर उत्तर मिळालं. काटा नसेल तर पाण्यात तरंगवा: नव्या भरलेल्या डब्यावर पाण्याची रेघ कुठे येते ती मार्करने आखून ठेवलेली असली की फरक लगेच दिसतो. लहान गावात स्क्रूवाला डबा मिळेलच असं नाही, तेव्हा अर्ध्यावर असताना मिळाला तर घ्या. विमानात तो चालत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या गावातही हा शोध पहिल्याच दिवशी.

पाण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण याकडे सहसा कुणी बघत नाही. गावातून निघताना नळाचं पाणी भरून घ्या, आणि ते शेतं, गोठे, वस्ती ओलांडून वर जाईपर्यंत पुरेल एवढं. आपल्याकडचे ०.१ मायक्रॉनचे, पिशवी पिळून पाणी गाळायचे फिल्टर जिवाणू आणि जियार्डियासारखे परजीवी अडवतात. विषाणू अडवत नाहीत, आणि पाण्यात विरघळलेली खतं-औषधं तर मुळीच नाही. वस्तीच्या खालच्या ओढ्याचं पाणी दिसायला कितीही नितळ असो, मी ते भरत नाही. इथे एक-दीड किलो जास्त उचलणं योग्य. तेवढं वजन तुम्ही किलोभर खाणं कमी करून आधीच मिळवलेलं आहे. आणि नळाशी उभे आहातच तर फिल्टर उलट बाजूनं स्वच्छ पाणी जोरात सोडून धुऊन घ्या. ट्रेलवर हे करायला स्वच्छ पाणीच नसतं. फिल्टरमधून गढूळ पाणी उलटं येताना बघितलं की पाच दिवस तो इतका संथ का झाला होता ते कळतं.

आता दिवसाची आखणी. तुम्ही अकराला गावात पोचता, म्हणजे आदल्या रात्री सहा-सात किलोमीटर अलीकडे मुक्काम करत असणार. तो तीनवर आणा. आदल्या दिवशी संध्याकाळी तासभर जास्त चाला आणि सकाळी आठ-साडेआठला गावात असा. दुकानं उघडतात त्याच सुमारास. पोस्टात पुडकं पाठवलं असेल तर उघडण्याच्या वेळा आणि वार दोन्ही आधीच बघा, शनिवारी दुपारनंतर पोचून सोमवारची वाट बघणारे मी दर मोसमात बघते. मीच नव्हे, सगळेच बघतात.

संध्याकाळचा मुक्काम गावात शिरण्याआधी नकाशावर ठरवा. ‘जमेल तेवढं जाऊ’ असं ठरवलेलं जमत नाही. अंतर काढायला नेस्मिथचा १८९२चा नियम अजून चांगला आहे: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वर. आठ किलोमीटर आणि पाचशे मीटर चढ म्हणजे जवळपास अडीच तास. भरलेली सॅक आणि भरलेलं पोट यासाठी मी अर्धा तास घालते, तीन. सूर्यास्त सातला असेल तर साडेतीनला सॅक पाठीवर हवी, म्हणजे तंबू उजेडात लागतो. सकाळचे तीन आणि दुपारचे आठ मिळून अकरा झाले. तुमच्या आताच्या दहापेक्षा फार जास्त नाहीत, मान्य. पण आदल्या संध्याकाळचे तीन-चार त्यात मिळवा, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी चढाचा मोठा भाग मागे पडलेला असतो, सॅकही एक रात्र आणि एक नाश्ता हलकी. पंचविसाचा दिवस मग खरोखर पंचविसाचा होतो.

बरोबर कुणी असेल तर गावात शिरतानाच निघायची वेळ ठरवून वेगळे व्हा आणि खरेदी आपापली करा. चौघं मिळून दुकानात शिरले की प्रत्येक जण इतर तिघांसाठी थांबतो.

राहता राहिला गावात झोपायचा प्रश्न. साडेचार वाजून गेले आणि तुम्ही अजून पायऱ्यांवर आहात, तर ओढूनताणून निघू नका. त्या दिवशी गावात झोपा आणि पहाटे साडेपाचला निघा. अंधारात, अनोळखी वाटेवर, सगळ्यात जड सॅक घेऊन चार किलोमीटर काढण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पूर्ण दिवस थांबायचं, ज्याला सगळे झीरो म्हणतात, ते माझ्या हिशेबात तीन कारणांसाठी: चालायला लागल्यावर कमी न होता वाढत जाणारं दुखणं, ताप किंवा पोट बिघडणं, आणि खिंडीवर वादळाचा अंदाज. सकाळी पहिली दहा मिनिटं पाय आखडलेले असणं यात मोडत नाही. कंटाळा आला म्हणूनही थांबायला हरकत नाही, फक्त तेव्हा मनाशी कंटाळाच म्हणा, गुडघ्याचं नाव पुढे करू नका.

पुढच्या गावात पोचाल तेव्हा सॅकमधलं उरलेलं सगळं खाणं काढून एकदा वजन करा आणि काय उरलं ते लिहून ठेवा: गोड उरतंय, खारट उरतंय की नाश्ताच खाल्ला जात नाहीये. राखीव जेवण सोडून तीनशे ग्रॅमच्या वर असेल तर त्याच प्रकारातलं तेवढं पुढच्या खरेदीतून वजा करा. काहीच उरलं नसेल आणि शेवटच्या दुपारी पोटात कावळे ओरडत असतील, तर रोजचे शंभर ग्रॅम वाढवा, तेही दाणे किंवा तेलाच्या रूपात.